पाण्याखालचं लॉन आणि माझे पाच टेट्रा

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. रिकामा काचेचा टँक, काळी माती, त्यावर चिमूटभर बिया भुरभुरवणारा हात आणि पुढच्याच सेकंदाला 'दिवस आठवा'. टँकच्या तळाशी पोपटी गालिचा! खाली लिंक. फक्त १९९ रुपये. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका रात्री साडेअकराला मी त्या लिंकवर क्लिक केलं. ऑक्टोबर संपेपर्यंत दादाच्या बारा निऑन टेट्रांपैकी पाच मासे मेले होते.

टँक माझा नव्हताच. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा दोन फुटी टँक हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, तसाच राहिला. जाताना त्याने मला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं, आठवड्यातून एकदा थोडं पाणी बदलणं आणि 'बाकी कशाला हात लावू नकोस'. पण टँकमध्ये मागे उंच व्हॅलिस्नेरिया, मधे एक लाकूड आणि पुढे नुसतीच खडी. ती उघडी खडी रोज डोळ्यांत खुपायची. तिथे हिरवळ आली तर दादा दिवाळीत बघून चाटच पडेल, असं वाटलं. झालं! मासे दहा दिवस स्पंज फिल्टर लावून प्लास्टिकच्या टबात, आणि टँकमध्ये माझी शेती सुरू.

रील खोटं नव्हतं, ही खरी गंमत आहे. आठव्या दिवशी खरोखर हिरवळ आली. पाणी भरलं, मासे सोडले, फोटो काढले, स्टेटस ठेवलं. मग सहाव्या-सातव्या आठवड्यात पानं काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली आणि एका सकाळी अख्खा गालिचा चिखलाच्या तुकड्यांसारखा वर तरंगत होता. पाण्याला वास येत होता. पुढच्या तीन दिवसांत पाच मासे गेले.

नंतर कळलं ते असं. फोरग्राउंडसाठी खरंच वापरतात ती रोपं बाजारात बियांमधून येतच नाहीत. ती फुटवे वेगळे करून किंवा टिश्यू कल्चरने वाढवतात. अशा पाकिटातल्या बिया बहुतेक वेळा ओलसर मातीत उगवणाऱ्या, पण कायम पाण्याखाली न जगणाऱ्या रोपांच्या असतात. बीमधल्या साठ्यावर ती पटकन उगवतात, पाण्यात बुडाल्यावर काही आठवडे तग धरतात आणि मग सगळी एकदम सडतात. एवढा पाला एका वेळी कुजला की पाण्यात अमोनिया वाढतो आणि माशांचे कल्ले जळतात. म्हणजे १९९ रुपयांत मी दादाच्या टँकमध्ये कंपोस्टचा खड्डा तयार केला होता. फोनवर त्याला म्हटलं, 'मासे मस्त आहेत रे.' सुट्टी न मिळाल्यामुळे तो त्या दिवाळीला आला नाही. मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

इंचभर झाडांचा एवढा सोस कशाला?

तर आधी फोरग्राउंड म्हणजे काय ते बघू. प्लांटेड टँकमध्ये मागे उंच रोपं, मधे मध्यम, आणि काचेच्या अगदी जवळ दोन-पाच सेंटिमीटरची बुटकी, आडवी पसरणारी रोपं. ही पुढची पट्टी नजरेला फसवते. पुढे बारीक पानं आणि मागे चढ दिला की फूटभर खोलीचा टँक मैदानासारखा दिसतो. मराठीत याला काही खास शब्द नाही, दुकानात सगळे 'कार्पेट'च म्हणतात.

या वेडाचं मोठं श्रेय जपानच्या ताकाशी अमानो यांना जातं. १९५४ मध्ये निगाता प्रांतात जन्मलेला हा माणूस आधी व्यावसायिक सायकल रेसर होता, मग निसर्गाचा फोटोग्राफर झाला आणि मग टँककडे लँडस्केप म्हणून बघायला लागला. दगड, हिरवळ आणि एकाच जातीच्या माशांचा थवा, एवढ्यावरच त्यांचे कितीतरी टँक उभे आहेत. रिक्शिया ही खरं तर पाण्यावर तरंगणारी वनस्पती. अमानोंनी ती दगडांना बांधून तळाशी वाढवली आणि तिच्या पानांवर ऑक्सिजनचे मोती चमकताना जगाने पाहिले. २०१५ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी केलेला ४० मीटर लांबीचा टँक खुला झाला. त्यात १ लाख ६० हजार लिटर पाणी आहे. आपल्या दोन फुटी टँकमध्ये ६०-६५ लिटर असतं, म्हणजे बघा.

अमानोंचे फोटो बघून मी दुसरी चूक केली. जानेवारीत, इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधून, 'क्यूबा' आणली.

'एचसी क्यूबा' या नावाने मिळणारं हे रोप म्हणजे टँकमधल्या सगळ्यात छोट्या पानांच्या वनस्पतींपैकी एक. पान जेमतेम काही मिलिमीटरचं. दिसायला एवढं देखणं की कपातल्या जेलीत बघूनच जीव जडतो. थंडीत ती छान पसरलीही. मार्च अखेरीपर्यंत तळहाताएवढे तीन ठिपके झाले होते. मग आला आपला नागपुरी एप्रिल. बाहेर ४३, ४४, ४५. टँकच्या पाण्यात थर्मामीटर बुडवला तर ३३! मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात क्यूबा मुळापासून सुटून वर आली. या वेळी मात्र माशांना काही होऊ दिलं नाही. दर दोन दिवसांनी सडका पाला उचलला आणि पाणी बदललं.

असं का होतं, हे समजून घ्या, कारण निवडीचं सगळं गणित इथेच आहे. पाण्यात बुडालेल्या रोपाला कार्बन डायऑक्साइड मिळवणं अवघड असतं. हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. पाणी तापलं की त्यात वायू कमी विरघळतात. वर उष्णतेमुळे रोपाचं श्वसन वाढतं, म्हणजे कमावलेलं जास्त खर्च होतं. कमाई घटली, खर्च वाढला. महिन्याच्या पंचवीस तारखेला आपलं होतं तेच. क्यूबासारख्या नाजूक रोपाकडे शिल्लक काहीच नसते, ती आधी जाते.

तर मग लावायचं काय?

रोप निवडण्याआधी स्वतःला विचारा, माझ्याकडे सिलिंडरवाला कार्बन डायऑक्साइड आहे का? उन्हाळ्यात माझं पाणी किती तापतं? आणि मला थांबता येतं का? लाइटचा प्रश्न त्यानंतर. आजकालच्या बऱ्या एलईडीने उथळ टँकचं काम भागतं.

सिलिंडर, रेग्युलेटर, डिफ्यूझर असा सगळा सेट पाच-सहा हजारांच्या पुढे जातो. तो असेल आणि खोली थंड असेल तर क्यूबा खुशाल लावा. त्यात वायूचं प्रमाण लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम ठेवायचं असतं. काचेचा छोटा ड्रॉप चेकर लावला की रंगावरून कळतं. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर रंग न बघता आधी वायू बंद करा आणि एअर पंप लावा. साखर-यीस्टच्या बाटलीचा जुगाडही लोक करतात. चालतो, पण तो रात्री बंद करता येत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात यीस्ट पिसाळल्यासारखं काम करतं. मी तो नाद केला नाही.

माँटे कार्लो हे क्यूबाचं जरा समजूतदार भावंड. नाव ऐकून कॅसिनो आठवतो, पण वनस्पती अर्जेंटिनाकडची. पानं थोडी मोठी, गोलसर, मुळं जास्त घट्ट. वायू दिला तर झपाट्याने पसरते, नाही दिला तर रडतखडत का होईना जगते. ग्लॉसोस्टिग्माचं मात्र सांभाळून. प्रकाश कमी पडला की ती आडवी न जाता उंच वाढते आणि लॉनच्या जागी झुडूप होतं.

बिनासिलिंडरवाल्यांसाठी माझी पहिली पसंती ड्वार्फ हेअरग्रास. याला आपण गवत म्हणतो, पण हे गवत नाही. लव्हाळा, नागरमोथा यांच्या कुळातलं आहे. नागरमोथा ज्याने शेतातून किंवा अंगणातून उपटायचा प्रयत्न केलाय, त्याला या खानदानाची चिकाटी सांगायला नको. हरळीसारखी आडवी खोडं सोडत हे जमिनीखालून पसरतं. 'मिनी' नावाची जात आणखी बुटकी राहते.

दुसरं नाव मार्सिलिया. पाण्याबाहेर याची पानं चार पाकळ्यांची असतात, कुंडीत आपोआप येणाऱ्या आंबुशीची आठवण येईल, फक्त आंबुशीला तीन. गंमत म्हणजे ही आहे नेचे वर्गातली, म्हणजे फर्न. आपल्या धानाच्या बांध्यांमध्येही हिच्या बहिणी उगवतात. टँकसाठी मिळणारी हिर्सुटा ही जात ऑस्ट्रेलियाची. पाण्याखाली गेल्यावर ती बहुधा एकेकच गोल पान काढते, त्यामुळे 'दुकानदाराने भलतंच दिलं' म्हणून भांडायला जाऊ नका. मी गेले होते.

तिसरी, श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन पार्व्हा, क्रिप्टोकोरिनमधली सगळ्यात बुटकी. कमी उजेडात, बिनावायूची राहते. पण वेग? तुमचं सेमिस्टर संपेल, एटीकेटी सुटेल, पण ती दोन पानं काढेल. लावायचीच तर जवळजवळ लावा. एक लक्षात ठेवा, क्रिप्टोकोरिन जागा बदलल्यावर पानं गाळते. मुळं टणक असतील तर फेकू नका, परत फुटते. आणि ब्राझीलची स्टॉरोजिन रेपेन्स. ही खरं तर गालिचा नाही, पुढची छोटी झुडपं. दगडापाशी चार-पाच लावली की पुढची आणि मधली पट्टी छान जोडली जाते.

दुकानात अजून एक गोष्ट तुमच्या गळ्यात मारली जाऊ शकते, 'जपान ग्रास'. गर्द हिरवं, ताठ, स्वस्त. ही बहुतेकदा बागेच्या कडेला लावतात ती वनस्पती असते. पाण्याखाली दोन-तीन महिने ताठ उभी राहून शांतपणे मरते. लकी बांबूचंही तेच, त्याची पानं पाण्याबाहेर हवीत. ओळखायची सोपी खूण सांगते. पाण्याबाहेर काढल्यावर रोप ताठच उभं राहिलं आणि पान मेणचट, जाड असेल, तर सरळ विचारा, 'काका, हे पूर्ण बुडवलं तर किती दिवस टिकेल?' मी ज्यांच्याकडून घेते त्या काकांनी या प्रश्नावर हसून ते परत ट्रेमध्ये ठेवलं होतं. तेव्हापासून त्यांच्यावर माझा विश्वास बसला. खूण पक्की नाही हं, स्टॉरोजिनसारखी काही खरी पाणवनस्पतीही नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असते आणि ताठ असते. म्हणून नाव विचारा आणि घरी येऊन शोधा.

लावणीचा दिवस

जुलैत, पहिल्या चांगल्या पावसानंतर, मी तिसऱ्यांदा सुरुवात केली. मासे पुन्हा टबात, स्पंज फिल्टरसकट.

आधी जुनी खडी काढली. बोराएवढ्या गोट्यांत हेअरग्रासची मुळं पकडच घेत नाहीत, एक ते तीन मिलिमीटरचे दाणे हवेत. अ‍ॅक्वासॉइल घेतलीत तर उत्तम, पण ती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, तेव्हा लगेच मासे सोडायचे नाहीत. माझ्याकडे टबातले सात जीव वाट बघत होते, म्हणून मी बारीक, धुतलेली खडी आणि मुळांशी पुरायच्या खताच्या गोळ्या असा स्वस्तातला मार्ग घेतला. पुढे तीन सेंटिमीटर, मागे सहा-सात असा उतार दिला.

रोपं टिश्यू कल्चरच्या कपातली घेतली. त्यात गोगलगायी नाहीत, शेवाळ नाही, कीटकनाशक नाही. जेली वाहत्या पाण्यात पूर्ण धुवायची. मग सगळ्यात महत्त्वाचं काम, विभागणी. नवखे लोक, म्हणजे मीच, अख्खा कप एका खड्ड्यात पुरतात. एका कपाचे पंधरा-वीस बारीक पुंजके करा. बारीक म्हणजे पाच-सात काड्यांचे. लांब चिमट्याने, तिरके, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, अर्धे बुडतील असे खोचा. टँकमध्ये पाणी अगदी खडीच्या पातळीला ठेवायचं, म्हणजे रोपं तरंगत नाहीत. मला दोन कपांना अडीच तास लागले आणि कंबरेचं लॉन झालं. आई म्हणाली, 'एवढी धानाची रोवणी केली असतीस तर मजुरी तरी मिळाली असती.' मग खडीवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतत टँक भरला.

पहिल्या पंधरा दिवसांत काही पानं पिवळी पडून विरघळतात. घाबरू नका. कपात ती हवेत वाढलेली असतात, पाण्यातली पानं नव्याने काढावी लागतात. जुनं कात्रीने काढत राहा. काचेवर तपकिरी थर येतो, तो नव्या टँकमध्ये येतोच, पुसला की काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. हिरवं दोऱ्यासारखं शेवाळ आलं तर प्रकाश जास्त होतोय. मी साडेतीनशेचा टायमर लावला आणि पहिले तीन आठवडे सहाच तास लाइट ठेवला, मग हळूहळू आठ. टायमर ही माझ्या मते या छंदातली सगळ्यात कमी कौतुक झालेली वस्तू आहे. आपण रात्री दोन वाजेपर्यंत अभ्यासाच्या नावाखाली जागतो आणि लाइट चालूच राहतो, ते शेवाळाला फार आवडतं.

हेअरग्रास दोन-तीन इंच झालं की कापा. जीव कळवळतो, पण कापल्यावर ते आडवं जातं. आणि गोल्डफिश असेल तर यातलं काहीच करू नका. तो सगळं उपटून खाईल आणि तुमच्याकडे बघत राहील.

उन्हाळ्याचा उपाय तर आपल्या घरातच होता. टँकचं झाकण काढून पाण्यावर तिरका वारा मारणारा छोटा क्लिप फॅन. पाणी उडतं तसं गार होतं. माठाचं आणि कूलरचं तत्त्व तेच आहे की. ऑक्टोबर हीटमध्ये मी मोजलं, ३१ चं पाणी २८ वर आलं. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे जमतं, मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. पण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचं पाणी वरून ओतत गेलात तर टँक दर आठवड्याला जास्त जड होत जातो. उडालेल्याची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घाला. त्याच्या पाइपमधून वाया जाणारं पाणी नको, ते उलट आणखी जड असतं. आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवून घ्या.

एक गोष्ट कळकळीने. कापलेलं काहीही नाल्यात, तलावात टाकू नका. अंबाझरीवर पसरलेली जलपर्णी आपण पाहिलीये. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेची म्हणून देशोदेशी नेली गेली. मी कात्रण गच्चीवर कडकडीत वाळवून तुळशीच्या कुंडीत घालते. आणि उलटंही नको. ट्रेकला गेल्यावर ओढ्यातून 'फुकटचं' रोप उपटून आणू नका, कोकणातल्या ओढ्यांमध्ये तिथल्याच, मोजक्या जागी उरलेल्या क्रिप्टोकोरिन आहेत.

या दिवाळीला दादा आला. जुलै ते ऑक्टोबर, चार महिन्यांत माझं लॉन तीन चतुर्थांश भरलंय. डाव्या कोपऱ्यात अजून टक्कल आहे, तिथे फिल्टरचा झोत थेट पडतो. दादाने बॅग खाली ठेवली, चप्पलसुद्धा न काढता टँकसमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मी मागे उभी. मला वाटलं, चाट पडलाय. मग त्याचं बोट काचेवर हळूहळू सरकायला लागलं. तो मोजत होता.

'सात?'

'पुरवणीत येणार आहे,' मी म्हटलं. 'पूर्ण वाच, मग ओरड.'